झालं नाही, केलं

वसुधाताईंसमोर ‘झालं’ म्हणायची सोय नव्हती. “ताई, कप फुटला,” म्हटलं की लगेच, “फुटला की फोडलास?” आळेफाट्याला एका गॅरेजच्या माडीवर त्यांचा मनोविकारांचा दवाखाना होता. तिथे मी नर्स होते.

पेठजवळच्या वाडीतला रघू तुरुंगातून सुटला, तेव्हा वडीलच त्याला घेऊन आले. शेजारच्या बाईवर त्याने शेतात हात टाकला होता. ती बिचारी गाव सोडून गेली आणि हा मळ्यात परतला. वडील म्हणाले, “पोराच्या हातनं चूक झाली. झालं गेलं गंगेला मिळालं. आता दोनाचे चार करतो, म्हंजी सुधरंल. पोरगी बघून ठेवलीया.”

ताई उसळल्या. “लग्न हे औषध आहे का हो? आणि कुणाची पोरगी म्हणजे काय गोळी आहे, पाण्याबरोबर घ्यायला?”

तरी त्यांनी रघूला घेतलं, याचा मला संताप यायचा. त्या म्हणायच्या, “त्याच्यासाठी नाही गं. पुढच्या बाईसाठी.”

दर सोमवारी तो यायचा. त्या दिवशी मनात काय होतं, बाई एकटी आहे हे कधी हेरलं, कुठून मागे फिरता आलं असतं, सगळं त्याच्याच तोंडून. तो म्हणायचा, “डोकं फिरलं.” ताई अडवायच्या, “कुणी फिरवलं?” पावसाळा सरता सरता एकदा खाली बघत म्हणाला, “मी केलं. ती नको म्हणत व्हती, तरी मी केलं.”

“आता उपचार सुरू,” ताई म्हणाल्या. “हेच मुलीच्या बापाला सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.”

त्याने सांगितलं. लग्न मोडलं. आणि वाडी चिडली कुणावर? ताईंवर! एका बाईला गाव सोडावं लागलं ते यांना खपलं, मोडलेलं लग्न मात्र खपलं नाही. घर मोडणारी डॉक्टरीण म्हणून पेशंट तोडले, गॅरेजवाल्यावर दबाव आणून माडी खाली करायला लावली. आजही आठवलं की अंगाची लाही होते. ताई मंचरला एका खोलीत बसू लागल्या. रघू तिथेही सोमवार चुकवत नसे. लग्न त्याने केलं नाही.

ताई गेल्या. शोकसभेत वाडीचा एक पुढारी गळा काढून म्हणाला, “ताईंचं आन आमचं मधी जरा भांडण झालं व्हतं...”

दाराशी उभा असलेला रघू बोलला, “झालं न्हवतं, भाऊ. आपण केलं व्हतं.”