पैलवानाचे कान

कागदावरून का होईना, जवळ सरक वं पोरी. रागवायचं आहे तुले. लग्नाच्या लॉनवर तुनं मागून दोनदा दादाले हाक मारली, तो वळला नाही, आन् चार महिन्यांपासून तुनं ह्या मावशीच्या घरी पाय ठेवला नाही. म्हणे, दादाले गर्व झाला. अवं, गेटवर काळा टी-शर्ट घालून वऱ्हाड्यांची गर्दी आवरणाऱ्याले कायचा गर्व?

त्याले ऐकू येत नाही. नातलगात आम्ही तिघं सोडून कोणाले माहीत नाही हे.

तुझे मावसे पैलवान. त्यांचे दोन्ही कान भज्यासारखे चुरगळलेले, लहानपणी तू हसायची. कुस्तीत डोक्याले डोकं घासून कानात रक्त साकळते. वेळेवर काढलं नाही, की कान तसाच वाळते. आखाड्यात तेच भूषण. दंगलीत जोड लावणारे पंच आधी कान पाहत, मंग नाव विचारत.

माझा पोरगा, तुझा दादा, सोळाचा होता, तेव्हा त्याचा डावा कान टम्म फुगला. मी त्याले घेऊन कामठीहून धंतोलीच्या दवाखान्यात गेली. नंबर लागणारच होता, तर हे मागून आले. सगळ्या पेशंटांसमोर म्हणाले, "सुई टोचू देशील तर याद राख! पैलवानाचा पोरगा आहे तो, मास्तरचा नाही."

पोरगाही खूश. "आई, राहू दे नं. आता मले कोणी नवखा म्हणणार नाही."

मी बाकावरून उठली. घरी येऊन हळद गरम करून लावली, जशी सासूबाईनं ह्यांच्या कानाले लावली होती. पुढे उजवाही तसाच झाला. दोन्ही आतून पिकत गेले, भोकं बुजत गेली, तरी माझी हळद चालूच.

कुस्त्या मात्र तो मारत गेला. ह्यांच्या मनात एकच, पोरानं फौजेच्या संघात जावं. पक्की नोकरी, खुराकाची चिंता नाही. भरतीत त्यानं तिघांले चीत केलं. मंग डॉक्टरची तपासणी. डॉक्टर मागे उभा राहून हळू आवाजात शब्द बोलते, पोरानं तो परत म्हणायचा. आमचा पोरगा पाठमोरा उभा, डॉक्टर कधी बोलते म्हणून वाट पाहून राहिला. डॉक्टरचे सगळे शब्द बोलून झाले होते.

घरी आला, तर हे म्हणाले, "पैलवानाले कानाचं काय काम गा?"

"काय म्हणता, बाबा?"

ह्यांले वाटलं उलटून बोलून राहिला. उठून आखाड्यात निघून गेले. तिथे आजही कोणी फुगलेला कान घेऊन आला, की हे त्याची पाठ थोपटतात. आन् मी आतून चहा पाठवते.

तू विचारशील, मावशी, तू काहून उठली त्या बाकावरून? बहाणे खूप आहेत माझ्याजवळ.

तर ये लवकर, ह्याच रविवारी ये. दादाच्या समोर बस, त्याले तुझे ओठ दिसू दे. आन् मावसे रंगात येऊन कानाचा किस्सा सांगाले लागले, तर याखेप हसू नको.