सालेकसाची सपाट रेघ

समजा, तुमच्यासमोर लॅपटॉप उघडा आहे आणि पडद्यावर एक रिकामा चौकोन आहे. त्यात तुम्ही ‘सिकलसेल’ हा शब्द टाकायचा, आईबापांच्या रक्तातून लेकरांत उतरणाऱ्या आजाराचं नाव. मग राज्य निवडायचं, जिल्हा निवडायचा, तालुका निवडायचा. काळ, मागची पाच वर्षं. बटण दाबलं की एक रेघ उमटायला हवी, कुठे चढणारी, कुठे उतरणारी. त्या तालुक्यातल्या लोकांनी हा शब्द इंटरनेटवर कधी, किती शोधला ते तिने सांगायचं. तुम्ही बटण दाबता. रेघ येते, पण तळाला चिकटून येते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तशीच सरपटत जाते. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पुरेशी माहिती नाही. तुम्ही शब्द हिंदीत टाकता, इंग्रजीत टाकता, ‘सिकलसेल तपासणी’ टाकता, ‘सिकलसेल लग्न’ टाकता. शून्य. आणि तुम्हाला चांगलं माहीत असतं की त्या तालुक्यात सोयरीक जुळवताना हा शब्द हळू आवाजात का होईना, निघतोच.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या समीक्षा बोरकरने हे काम सलग चार दिवस केलं. चौथ्या दिवशी तिने लॅपटॉप असा आपटून मिटला की आतल्या खोलीतून आईचा, सुमनबाईंचा आवाज आला, “त्या बिचाऱ्यानं का बिघडवलं वो तुह्यं?”

समीक्षा सव्वीस वर्षांची. वडील भैयालाल राईस मिलमध्ये हमाली करत आले. कॉलेजची पायरी चढणारी घरातली ती पहिली. नागपूरला संगणक अभियांत्रिकी केलं, वर्षभर पुण्यात नोकरी केली आणि परत आली. शेजारणी विचारत, “काऊन आली वो परत?” ती सांगायची, काम आता घरी बसूनच होते. नागपूरची एक संस्था सिकलसेलच्या रुग्णांसाठी काम करत होती. तिची वेबसाइट, तिचे फॉर्म, तिचे तक्ते हे सगळं समीक्षा गोरेगावातून सांभाळायची.

उन्हाळ्यात एका मोठ्या सर्च कंपनीने डेव्हलपर लोकांसाठी नवीन सोय आणली. आधी लोक काय शोधतात हे एका पानावर डोळ्यांनी बघावं लागे, आणि दर वेळी मोजपट्टी बदलत असल्यामुळे आजचा आकडा कालच्याशी जुळत नसे. आता प्रोग्रॅमच थेट आकडे मागू शकत होता. पाच वर्षं एकाच मोजपट्टीवर, पार तालुक्यापर्यंत, अगदी दोन दिवसांपूर्वीपर्यंतचे. चाचणीसाठी मोजक्याच लोकांना ती मिळणार होती. ‘कशासाठी वापराल?’ या प्रश्नाला लोक दोन ओळी लिहीत असतील, समीक्षाने दोन पानं लिहिली. दीड महिन्याने मंजुरीचा ईमेल आला तेव्हा ती अंगणात नाचली.

“म्हंजे का भेटलं तुले?” सुमनबाईंनी विचारलं.

“लोक मोबाईलवर काय शोधतात ते आता माझ्या प्रोग्रॅमला कळणार.”

“मंग लोकायच्या मनातलं समजते म्हन ना.”

“मनातलं नाही गं आई. शोधलेलं.”

सुमनबाईंना त्यात फारसा फरक वाटला नाही. विहारात चार बायकांना त्यांनी सांगितलं की माह्या पोरीले आता लोकायच्या मनातलं समजते.

खरं सांगायचं तर समीक्षालाही तेव्हा तो फरक फार वाटत नव्हता. संस्थेची चार साप्ताहिक केंद्रं होती, त्यांतलं एक सालेकसाला, दर शुक्रवारी. पुढच्या वर्षी ती कुठे ठेवायची, कुठे हलवायची, हे ठरायचं होतं. आजवर हजेरीचं रजिस्टर बघून ठरत असे. समीक्षाने नंदा मॅडमना, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांना, मोठ्या उत्साहाने प्रस्ताव पाठवला. त्यात तिचं एक वाक्य होतं, ‘रजिस्टरमध्ये आलेली माणसं दिसतात, शोधामध्ये यायची इच्छा असलेली माणसं दिसतील. म्हणून जिथे रेघ चढती, तिथे केंद्र.’ नंदा मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी ते देणगीदारांना पाठवलं. त्यांनाही आवडलं.

आणि आता रेघ आली होती. गोंदिया शहराची चढती. नागपूरची त्याहून चढती. सालेकसाची मेलेली.

नंदा मॅडमचा फोन आला. “समीक्षा, सालेकसा बंद करून तो दिवस गोंदियाला देऊ या ना? तुझ्याच निकषाने.”

“मॅडम, आठवडाभर थांबा. काहीतरी चुकतंय.”

“तुझ्या प्रोग्रॅममध्ये?”

“नाही. प्रोग्रॅम बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि तेच तिला जास्त लागलं. प्रोग्रॅम चुकला असता तर तिने तो सुधारला असता.

मॅडमनी बुधवारची बैठक ठरवली. मधल्या शुक्रवारी समीक्षा गाडी काढून आमगाववरून सालेकसाला गेली. शुक्रवारचं केंद्र म्हणजे भाड्याची एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि संस्थेच्या समुपदेशक सुशीलाबाई. समोर रस्त्यापलीकडे दुधरामचं ऑनलाइन सेंटर. फॉर्म, झेरॉक्स, रिचार्ज, दाखले, सगळं तिथे. सुशीलाबाई यायच्या होत्या म्हणून समीक्षा दुधरामच्या बाकावर टेकली.

“दुधरामभाऊ, लोक तुम्हाला सिकलसेलचं विचारतात का?”

“विचारतेत का?” दुधराम प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढत म्हणाला. “डोकं खातेत, ताई. रिपोर्ट आणला का पहिले माह्यापाशी. बाईकडे मंग.”

“मग तुम्ही नेटवर शोधून सांगता?”

“पहिले शोधत होतो. आता तोंडपाठ झालं. रोज रोज कायले पाहू?”

एवढ्यात एक बाई आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी केलेला कागद. तिचं नाव दुर्पता. जंगलाकडच्या गावातून पायी आणि मग कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आली होती. दुधरामने कागद उलगडला, वर-खाली पाहिला.

“तुही पोरगी चंचल वाहक आहे, बाई. तिले काही होत नाही. पण जमून राहिलं तो पोरगाही वाहक निघाला तर लेकरायले त्रास होऊ शकते. पोराची तपासणी झाली का?”

“कोन विचारल त्यायले?”

“सुशीलाबाई विचारल. बस थोडा वेळ, येऊन राहिली.”

झालं. एक मिनिट. दुधरामचा हात कीबोर्डकडे गेलासुद्धा नाही. समीक्षा त्या कीबोर्डकडे बघत राहिली. पाच वर्षं, साठ महिने, आणि रेघ सपाट का, ते तिच्यासमोर एका मिनिटात घडून गेलं होतं.

तरी तिने दुर्पताला विचारलंच. “मावशी, घरी मोबाईल आहे ना? त्यात बोलून विचारलं तरी तो सांगतो.”

“आहे ना. पिंटूजवळ राहते. माहा दीर.”

“मग त्यातच पाहायचं.”

दुर्पता हसली. या पोरीला कोणी शिकवलं नाही का, असं ते हसणं होतं. “अन् मंग? पिंटू पाहन का विचारलं ते. त्याची बायको पाहन. सांजेवरी गावभर. पोरीचं लगन जमून राहिलं, मॅडम. मोबाईलले विचाराले जमते, पण तो तोंड बंद ठेवते का?”

सुशीलाबाई आल्या. त्यांनी दुर्पताला केंद्राच्या खोलीत बसवलं, दार लोटून घेतलं, अर्धा तास बोलल्या. मग ती गेल्यावर समीक्षाला म्हणाल्या, “रविवारी मी पोराच्या घरी जाते. संस्थेची बाई आहे म्हणून ऐकून घेतेत. ही बोलली तर सोयरीक तुटन. तू म्हनते, केंद्र गोंदियाले जाईन. मानलं, ही येईन गोंदियाले. पोराकडचे येतीन का?”

निघताना समीक्षाने दुधरामला रेघेचं सगळं समजावून सांगितलं. एकाच मशीनवरून तोच शोध पुन्हा पुन्हा केला तर तो एकदाच धरतात. आणि शोधणारे फारच थोडे असले तर शून्य दाखवतात.

दुधरामचा हात थांबला. “म्हंजे चाळीस गावचे लोक माह्या टेबलापाशी येतेत, अन् तिथं मी एकटाच?”

“एकटेच. आणि एकट्याला ते शून्य धरतात.”

“मीही नाही दिसून राहिलो?”

“नाही, भाऊ.”

“वा रे वा!” दुधराम खुर्चीत मागे रेलला. “सरकारले मी दिसतो, बँकेले दिसतो, ह्यायलेच नाही दिसत. मंग दहा मोबाईलवरून टाकलं तर?”

समीक्षा गाडीवर बसली होती, डोकं तापलेलं होतं. “दहाने काय होते? हजार पाहिजेत,” ती म्हणाली आणि गाडीला किक मारली.

बुधवारी सकाळी बैठकीआधी तिने शेवटचं म्हणून बटण दाबलं, आणि सालेकसाची रेघ पाच वर्षं सरपटून शेवटी एकदम उभी राहिलेली दिसली. सुईसारखी. समीक्षा ओरडली. सुमनबाई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन धावत आल्या.

“आली का रेघ?”

“आली आई, आली!”

मग तिने शोधलेल्या शब्दांची यादी उघडली. नवीन सोयीत तीही मिळत होती. सगळ्यांत वर एकच ओळ, ‘सिकलसेल केंद्र सालेकसात पाहिजेच’. दुसऱ्या नंबरवर तीच ओळ, पुढे तीन उद्गारचिन्हं. सगळे शोध रविवारचे. समीक्षाने दुधरामला फोन लावला.

“आली का, ताई?” दुधरामचा आवाज खुललेला. “चौदाशे लोकायले मेसेज पाठवला! बचत गट, भजन मंडळ, क्रिकेटची टीम, एकही ग्रुप सोडला नाही. रविवारी सकाळी नऊले सगळ्यायनं एकसाथ टाका म्हटलं!”

“भाऊ, कोणी सांगितलं होतं तुम्हाला हे?”

“तुम्हीच म्हणले ना, हजार पाहिजेत. मी चारशे वरून देल्ले.”

तिला रडू की हसू, कळेना. ती म्हणाली, “बरं,” आणि फोन ठेवला. बैठकीला वीस मिनिटं होती. तक्ता शनिवारी तोडला तर रेघ सपाट, केंद्र जाणार. रविवारसकट दाखवला तर बनावट, केंद्र जाणार आणि संस्थेचं नावही. यादी न दाखवता नुसती सुई दाखवली तर? तिने तेही करून पाहिलं. तक्ता सुंदर दिसत होता. तिने त्याकडे मिनिटभर पाहिलं आणि यादी पुन्हा जोडली.

बैठक ऑनलाइन होती. नंदा मॅडमनी पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली. “‘पाहिजेच’? समीक्षा, हा शोध आहे की मोर्चा?”

समीक्षाने सगळं सांगितलं. दुधराम, त्याची तोंडपाठ उत्तरं, पिंटूजवळचा मोबाईल, लोटलेलं दार. स्वतःचं ‘हजार पाहिजेत’सुद्धा सांगितलं. बोलता बोलता तिचा आवाज चढला. “मॅडम, तिथे लोक रोज विचारतात. फक्त मशीनला विचारत नाहीत. ज्यांना सगळ्यांत जास्त गरज आहे, तेच सगळ्यांत कमी शोधतात!”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण देणगीदारांना मी काय दाखवू? तुझा विश्वास? रजिस्टरमध्ये शुक्रवारी सहा-सात नावं आहेत. तुझी रेघ पाच वर्षं शून्य होती आणि एका दिवसात आभाळाला भिडली. आता तिथून खरी वाढ आली तरी ते हसतील. आणि निकष मी नाही लिहिला.”

“मीच लिहिला,” समीक्षा म्हणाली.

ठरलं ते असं. डिसेंबर संपला की सालेकसाचा शुक्रवार बंद, सुशीलाबाई गोंदियाला. तीन महिन्यांत समीक्षाने मोजण्याची दुसरी रीत आणली, जी कोणाला एका सकाळी उभी करता येणार नाही, तर पुन्हा बघू.

तिने सुशीलाबाईंना फोन केला. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, “रविवारी गेली होती मी पोराकडे. तयार आहेत ते तपासणीले, जानेवारीत. पहिल्या शुक्रवारी या म्हटलं होतं.”

दुपारी समीक्षा त्या सर्च कंपनीच्या चाचणीवाल्या डेव्हलपरांच्या पानावर गेली. तिथे एक सूचना-पेटी होती, या सोयीत तुम्हाला आणखी काय हवं? कोणी तासातासाचे आकडे मागितले होते, कोणी शंभर शब्दांची एकदम तुलना. एकाने लिहिलं होतं की दोन दिवस थांबणं फार होतं. कंपनीने त्या सगळ्यांना आभार मानून उत्तर दिलं होतं. समीक्षाने रागाच्या भरात मोठा परिच्छेद लिहिला आणि पुसला. दुसरा लिहिला, तोही पुसला. दुधरामचं नाव लिहिलं, मग वाटलं, त्यांना दुधराम कोण म्हणून सांगायचं? तेही पुसलं. शेवटी जेवढं खरंच विचारायचं होतं तेवढंच उरलं, आणि तिने तेवढंच पाठवलं:

एका मशीनसमोर बसून एक माणूस चाळीस गावांची उत्तरं तोंडपाठ सांगत असेल, आणि विचारणाऱ्या बाईला तिचा प्रश्न कुठेही उमटायला नको असेल, तर ती आहे हे तुमच्या रेघेला कसं कळणार?