जिन्याखालची खोली, एकास दहा

इंदूरला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा स्टुडिओत मॅडमनी एक काम दिलं. म्हणाल्या, "ज्या जागेची तुम्हाला भीती वाटते, ती निवडा. स्केचेस करा, मापं घ्या, मॉडेल बनवा. पण मॉडेलमध्ये माणूस नको. भिंती, उंची आणि उजेड, एवढ्यातूनच भीती दिसली पाहिजे." वर्गातल्यांनी विहिरी, लिफ्ट, हॉस्पिटलचे बोळ असं काय काय निवडलं. मला शोधावं लागलं नाही.

आमचं घर बुऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यात. अरुंद, दुमजली. जिन्याखाली एक खोली आहे, तिच्यात वर्षाच्या गव्हाच्या पत्र्याच्या कोठ्या असतात. पप्पा सरकारी शाळेत गणित शिकवायचे. सहावीपासून दहावीपर्यंत, गणितात मार्क कमी पडले की ते मला त्या खोलीत नेऊन मारायचे. फळ्यावर रेघा आखायची मीटरभर लाकडी पट्टी असते ना, तिने. मारताना ओरडायचे नाहीत. मोजायचे. एकदा मनगट मोडलं तेव्हा डॉक्टरला सांगितलं, सायकलवरून पडला.

आई स्वयंपाकघरात असायची. मिक्सर चालू असायचा, त्यामुळे तिला काही ऐकू जात नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

होळीच्या सुटीत इंदूरहून घरी आलो आणि पहिल्या दिवशी फक्त आठवणीने स्केच काढलं. खोली प्रचंड आली. छत उंच, कोपरा खोल, त्यात मी ठिपक्याएवढा. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आत शिरलो. सहा फूट लांब, चार फूट रुंद. जिन्यामुळे छत उतरतं, उंच बाजूलाही सव्वासहा फूट. मी दोनदा मोजलं. एवढीशी! राग आला. पेन्सिल इतकी दाबली गेली की कागद फाटला.

मग सेक्शन काढायला बसलो, म्हणजे खोली उभी कापली तर आत काय दिसेल ते. पप्पांची उंची त्यात टाकली, पट्टीची लांबी टाकली. त्या छताखाली पट्टी डोक्यावर उचलताच येत नव्हती. उजव्या हाताने आडवीच फिरवावी लागत होती. माझे सगळे वळ डाव्या कुशीवर का असायचे, ते मला त्या कागदावर कळलं.

आणखी एक कळलं. खोलीच्या मागच्या भिंतीत, लहानपणी माझ्या डोक्याच्या वर, विटांची एक जाळी होती. तिच्यातून उजेड यायचा. तो मागच्या गल्लीतून येतो असं मी धरून चाललो होतो. पण गल्लीची भिंत तर घराच्या प्लॅनमध्ये सात फूट मागे जात होती. मधे स्वयंपाकघर होतं. ती जाळी ओट्याच्या वर उघडत होती, ताटांच्या मांडणीमागे. मी ओट्यापाशी आईच्या जागी उभा राहिलो, तिच्या उंचीएवढा वाकलो, दोन ताटं बाजूला केली. कोठ्यांमधला तो कोपरा समोर होता. जिथे मी बसायचो, नेमका तोच.

आई खाली बसून कणीक मळत होती. मी विचारलं, "इथून तुला दिसायचं?"

तिचे हात थांबले. "काय?"

"ते मला मारायचे ते."

तिने कणकेचा गोळा झाकून ठेवला. मग म्हणाली, "दिसायचं. मिक्सर मीच लावायची. रिकामाच फिरवायची."

"का?"

"शेजारी आवाज जायला नको म्हणून."

माझ्या कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं. मी तिथून निघालो आणि दोन दिवस नुसतं कापत बसलो. जाड पुठ्ठा, एकास दहा प्रमाण. कटर धारदार होता, भिंती एका झटक्यात सुटायच्या. मागच्या भिंतीच्या पुठ्ठ्यात जाळीचं एकेक भोक कोरून काढलं. बोट कापलं, पट्टी बांधून पुन्हा बसलो. छत मुद्दाम उचलता येईल असं ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पप्पा परीक्षेच्या ड्युटीवरून आले. मॉडेल बैठकीत जमिनीवर होतं, मी शेजारी बसून कटरने शेवटच्या कडा साफ करत होतो. त्यांनी छत उचलून बघितलं आणि लगेच ओळखलं.

"ये क्या है? काय बनवलं हे?"

"कॉलेजचं काम आहे."

"लोकांना दाखवणार? बापाची बेइज्जती करायला शिकवतोय तुला मी?"

त्यांनी चपलेसकट पाय मॉडेलवर ठेवला आणि दाबला. पुठ्ठ्याचा कर्रकन आवाज झाला. मी उभा राहिलो तर थोबाडीत बसली. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मी त्यांना भिंतीवर आपटलं होतं. माझा डावा हात त्यांच्या गळ्यावर आडवा होता. त्यांचे पाय घसरत होते, चष्मा खाली फुटला होता, आणि मी दाबतच होतो. उजव्या हातात कटर आहे हे मला त्यांच्या कानामागून रक्त आलं तेव्हा कळलं. पांढऱ्या शर्टाची कॉलर लाल होत गेली. मी घाबरलो नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

"सोड! सोड त्यांना!" आईने मागून माझे केस धरून ओढलं. मी वळलो तर तिने मला एवढ्या जोरात मारलं की ओठ फुटला. मग ती पप्पांकडे वळली. ते भिंतीला टेकून खोकत होते. तिने त्यांनाही मारलं. एकदा, दोनदा. त्यांनी हातसुद्धा वर केला नाही.

"एवढी वर्षं मी बघत उभी राहिले," ती म्हणाली. "आता मला बघायचं नाही. ना तुमचं, ना याचं."

कानामागे तीन टाके पडले. डॉक्टरने विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, कपाटाचं दार लागलं. सकाळी आई देडतलाईच्या बसने मामाकडे निघून गेली. मीही इंदूरला आलो.

मॉडेल होस्टेलवर पुन्हा केलं. ज्यूरीला, म्हणजे काम तपासायला, बाहेरून आलेले सर त्या जाळीला डोळा लावून बराच वेळ वाकून होते. म्हणाले, "आत उभं राहण्यापेक्षा इथून बघणं जास्त भयंकर आहे. ही मुद्दाम ठेवली का?" मी म्हटलं, "होतीच तिथे." त्यांनी चांगले मार्क दिले. मी बाहेर जाऊन बेसिनमध्ये ओकलो.

आई चार महिने आली नाही. पप्पा दोनदा आणायला गेले, दोन्ही वेळा एकटेच परतले. मधे ते स्वतः भाकरी करायला शिकले, असं शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं. मग एक दिवस आई आपणहून आली. मामाकडच्या केळीचा एक घड तिच्यासोबत होता, तो पप्पांनी तिच्या हातून घेतला, आणि दोघं आत गेले.

मी आता बुऱ्हाणपुरातच वेगळा राहतो, घरांचे नकाशे काढतो. पप्पांनी माफी मागितली नाही, मीही मागितलेली नाही. ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. रविवारी मी घरी जातो, तेव्हा आईला म्हणतात, "त्याला म्हणावं, जेवून जा." मी हात धुऊन त्यांच्या शेजारी बसतो आणि जेवतो.