अप्पांच्या सीटखालचं पाणी

करणी, भूतबाधा यातलं मला काही पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी मुदखेडला शाळेत विज्ञान शिकवतो. आणि खरं सांगू का, ती दोन वर्षं अशी गेली की घाबरायलाही सवड नव्हती...

माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिसला नांदेडला न्यायचं. आमची जुनी डिझेल गाडी, पुढे डावीकडे अप्पा. तिथं चार तास बाकड्यावर बसायचं आणि परत. लघवी बंद झालेली, म्हणून दिवसाला जेमतेम तीन पेले पाणी, तेही मी मोजून द्यायचो. जन्मभर रानात राबलेला माणूस घोटभर पाण्यासाठी माझ्या तोंडाकडे बघायचा. मी नाही म्हणायचो, आणि मग दिवसभर मला माझाच वैताग यायचा.

एका मंगळवारी सकाळी अंगणात गाडीखाली, बरोबर अप्पांच्या सीटखाली, फरशीवर पाणी दिसलं. म्हटलं, आधीच काय कमी व्याप होते म्हणून हे आणखी एक! रेल्वे फाटकाजवळ गॅरेज चालवणाऱ्या मामूंना बोलावलं. त्यांनी खाली पुठ्ठा सरकवला, थेंब बोटावर चोळला, वास घेतला.

"रेडिएटरचं पाणी हिरवं असतंय, ब्रेक ऑइल चिकट. हे तर साधं पाणी हाय. एसीचं असंल, गळू दे."

"मामू, एसी तुम्हीच काढला की मागच्या वर्षी."

मामूंनी उठून बोनेट उघडलं. "हाव की," म्हणाले. मग काच धुवायच्या पाण्याची टाकी, नळ्या, सगळं हात लावून बघितलं. सगळं कोरडं.

पुढे प्रत्येक मंगळवारी-शुक्रवारी सकाळी तेच. लातूरहून ताई फोनवर म्हणाली, "नारळ उतरवून टाक." मी म्हटलं, तूच येऊन टाक... मला दोन तास झोप मिळाली तरी पुरे.

काही आठवड्यांनी एक गोष्ट ध्यानात आली. डायलिसिसच्या आधी वजन करतात, अंगात किती पाणी साठलं ते कळायला. ज्या दिवशी फरशीवर छोटा डाग, त्या दिवशी वजन किलो-दीड किलो वाढलेलं. ज्या दिवशी ओघळ नालीपर्यंत गेलेला, त्या दिवशी चार किलो.

अशाच एका सकाळी मी विचारलं, "अप्पा, चोरून पाणी प्यालात ना?"

"तुला कोन सांगितलं?"

"गाडीनं."

अप्पा कितीतरी दिवसांनी हसले. "लई चुगलखोर निघाली की ही."

मग तो शुक्रवार. फरशी कोरडी ठक्क. मी पालथा पडून हात फिरवून बघितला. अप्पा सीटवर बसलेलेच होते, त्यांना सांगितलं.

"मग आज तांब्याभर दे," ते म्हणाले. रानातून घरी आल्यावर मागायचे, अगदी तसं.

देऊ नये, हे मला कळत होतं. तरी आत गेलो आणि माठातून तांब्या भरून आणला. त्यांनी मध्ये दोनदा दम घेत सगळा रिकामा केला. सदरा भिजला. "लई गार हाय," म्हणाले. "चल आता."

नांदेडला नर्सबाईंनी दोनदा वजन केलं. "काका, आज काहीच वाढलं नाही." लिटरभर पाणी नुकतंच पोटात गेलेलं होतं... ते कुठं गेलं, देव जाणे.

सोमवारी दुपारी अप्पा झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, एका तांब्यानं काही होत नाही. ताईला ते पटत नाही. नारळ उतरवायला सांगणारी माझी बहीण, पण फरशी कोरडी होती म्हटलं की विषय बदलते. पुढच्या फोनला पुन्हा विचारते, "पाणी का दिलंस रे?"

त्यानंतर गाडीखाली एक थेंब पडलेला नाही. ते पाणी कुठून यायचं, मला आजही सांगता येत नाही. मामूंनाही नाही. ताईशी वाद घालायचंही त्राण आता उरलेलं नाही. तिला एवढंच म्हणतो — अप्पा तहानलेले गेले नाहीत.