लोखंडाचा भाव

दगडफूल कढईतल्या तेलात पडले की आधी जळक्या लाकडाचा वास येतो, मागोमाग ओल्या सालीचा, आणि अखेरीस असा एक गंध उठतो की ज्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. दुसरबीडच्या रस्त्याकडेला आमचे मिरची-मसाल्याचे कांडप आहे. उन्हाळाभर तो गंध माझ्या केसांत, पदरात, नखांखाली मुक्कामाला असतो. पत्र्याच्या शेडमध्ये तीन लोखंडी मुसळे एकामागून एक उखळांत आदळतात, मिरचीची लाल धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहते, आणि अनोळखी माणूस दारातच शिंकू लागतो.

त्या वर्षी कांडप विकत घ्यायला आलेला माणूसही शिंकतच आत आला.

कांडप सासूबाईंनी उभे केलेले. जाण्यापूर्वी त्यांनी निम्मे माझ्या नावाने केले आणि निम्मे धाकट्या मुलाच्या. थोरला, म्हणजे माझा नवरा, शेतात रमणारा. आपल्याला वगळल्याचे त्याला वाईट वाटले नाही. मी तेव्हा मेहकरच्या महाविद्यालयात तासांच्या मानधनावर कविता शिकवत असे आणि सुट्टीत कांडपावर बसत असे. पुढे तास बंद झाले, कांडप राहिले. दिराला मात्र मेहकरात मोबाईलचे दुकान थाटायचे होते. गाळ्याचा विसार देऊन झाला होता आणि उरलेली रक्कम महिनाअखेरपर्यंत भरायची होती. म्हणून त्यानेच जालन्याचा एक मसाल्याचा व्यापारी गाठला. माझी सही लागणार होती, पण घरात सगळे असे बोलत, जणू ती आधीच होऊन गेली आहे.

"वहिनी, येवढ्या शिकल्या तुमी, अन् तिखट कुटून राह्यल्या," दीर म्हणाला. "लोक हसतात आपल्याले."

"हसणारे मसाला कुठे कुटतात?"

"इथंच," तो पुटपुटला.

व्यापाऱ्याने मोल ठरवायला सुरुवात केली. मुसळांवर टिचकी मारली, मोटारीला कान लावला, छताचे गंजलेले पत्रे मोजले, विजेची बिले चाळली. मग तो वजनकाट्याजवळ येऊन उभा राहिला आणि त्याने मोबाईलचा कॅमेरा सुरू केला. त्याची चूक तिथे झाली.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराचे मसाल्याचे माप निराळे असते आणि ते कुठेही लिहिलेले नाही. सासूबाईंच्या डोक्यात ते होते. त्यांनी ते मला तोंडी दिले. बाई मिरची, धणे, खोबरे काट्यापुढे ठेवते आणि एवढेच म्हणते, "आमच्या मापानं." कोणाच्या घरी लवंग वर्ज्य, कोणाला खोबरे पार काळे भाजलेले हवे. बीबी गावातल्या एका घरच्या जावा वेगळ्या निघाल्या तेव्हा भांड्यांबरोबर मापही वाटले गेले: थोरलीने खसखस नेली, धाकटीने तीळ. एकीचे माप घातले जात असताना बाकीच्या बायका रस्त्याकडे तोंड करून बसतात. कोणाला तसे सांगावे लागत नाही.

व्यापारी मोबाईल रोखून उभा, तशी रांगेतली एक म्हातारी कडाडली, "ओ भाऊ, तिकडं तोंड करा. का सासरी जाऊन स्वयंपाक कराचा हाय तुमाले?"

शेड हसण्याने भरून गेली. त्याने मोबाईल खिशात टाकला, पण तोंड फिरवले नाही. मी मोटार बंद केली. मुसळे थांबली की कानांत जी पोकळी उरते, तिच्यात त्याचा आवाज उगाच मोठा वाटला.

"ताई, मुद्द्याचं बोलू. यंत्रं जुनी आहेत. पण तुमच्याकडच्या मसाल्याचं नाव मी जालन्यात ऐकलंय. फॉर्म्युला लिहून द्या, हा आकडा देतो."

कागदावरचा आकडा मोठा होता. खोटे कशाला बोलू, माझी नजर क्षणभर त्यावर अडकली.

"फॉर्म्युला नाही," मी म्हणाले. "दीडदोनशे घरांची मापं आहेत. त्यांतलं एकही माझं नाही."

"मग सगळ्यांत चांगलं असेल ते द्या."

"ज्या घरचं आहे त्या घराला विचारा."

"माह्यं पाह्यजे काय बे तुले?" म्हातारी पुढे सरसावली. "माह्या सुनेले नाही सांगतलं अजून, तुले सांगू काय!"

व्यापाऱ्याने पहिला आकडा खोडला आणि खाली दुसरा लिहिला, बराच लहान. "मग हे नुसतं भंगार. लोखंडाचा भाव देतो. धंदा म्हणून किंमत शून्य." तो दिराकडे वळला. "बरोबर?"

दीर माझ्यावर चिडला होता, त्या भरात तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "बरोबर. शून्यच. तीन मुसळं अन् गंजके पत्रे, दुसरं काय हाय इथं?"

मी हात पुसले. पदराला लाल बोटे उमटली.

"हा भाव तुम्हाला मान्य आहे?"

"हाव, मान्य."

"मग याच भावानं तुमचा हिस्सा मी घेते. आत्ता."

त्याच्या चेहऱ्यावरचा राग विरला आणि त्या जागी काय आणावे हे त्याला सुचेना. "असं कसं, वहिनी? मले लोखंडाचा भाव, अन् तुमाले चालता धंदा?"

"चालता धंदा तुम्ही शून्य धरला. मी धरलेला नाही."

व्यापारी खुदकन हसला, रुमाल नाकाला लावून गाडीत जाऊन बसला आणि निघून गेला.

मी दिराला फसवले, असे भावकीत आजही बोलले जाते. बोलोत. तो आकडा मी लिहिला नव्हता. बायकांच्या कामापुढे दुसऱ्याने शून्य मांडावे आणि आपण ते खोडण्यासाठी विनवण्या कराव्यात, ही रीत मी माहेरी पाहिली, सासरी पाहिली, महाविद्यालयाच्या कार्यालयातही पाहिली. त्या दिवशी मी विनवणी केली नाही. त्यांचे शून्य उचलले आणि त्यावरच व्यवहार मांडला.

वाट मात्र मी दोन्हीकडून मोकळी ठेवली होती. "नाही म्हणा," मी त्याला म्हणाले, "मी रागावणार नाही. पण मग धंद्याची किंमत धरा आणि हंगामभर माझ्याशेजारी या काट्यावर बसा."

तासांच्या मानधनातून साठलेली रक्कम माझ्या खात्यात होती. मी चेक लिहून वजनकाट्याच्या पारड्यात ठेवला. पारडे हललेही नाही. दिराचा मोबाईल वाजला, गाळेवाला होता. त्याने फोन कापला. तो उखळात साचलेल्या तिखटाकडे बराच वेळ पाहत राहिला, एकदा शिंकला, डोळे पुसले, चेक उचलून दुमडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"देल्लं."