टाचांचा फोटो

माझी मावशी शिवणकाम करते. निम्म्या गावाची मापं तिला तोंडपाठ आहेत आणि कोणाची कंबर किती वाढली हे ती चारचौघांत सांगते, म्हणून सगळे तिला वचकून असतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने पोहणं मनावर घेतलं. तलावाच्या खोल बाजूला जायची परवानगी हवी, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत कठड्याला हात न लावता पोहून दाखवावं लागतं. मावशी दोनदा नापास झाली होती. आता रविवारी शेवटची संधी.

"पाय बुडतात तुमचे," पोहणं शिकवणारे मास्तर म्हणाले.

"माझे पाय मला कळत नाहीत होय?" म्हणत मावशी तरातरा घरी आली आणि तिने मोबाइल उघडला. काकांचा फोटो स्टुडिओ आहे. पहिल्या दिवसापासून ते काठावर उभे राहून तिचं पोहणं टिपत होते. पंधरा व्हिडिओ निघाले. पंधराही व्हिडिओंत नुसता चेहरा.

"अहो, माझे पाय कुठायत?"

"पाय कोण बघतं? इतक्या वर्षांत एकाही नवरीने पायांचा फोटो मागितला नाही."

"मी काय नवरी आहे?"

"माझी आहेसच की."

मावशीने उशी फेकली, पण हळू.

शनिवारी काकांनी लांब जाऊन सबंध मावशी टिपली. संध्याकाळी आम्ही तिघं बघायला बसलो. दर चार हात मारले की मावशी मान वर काढून कॅमेऱ्याकडे बघून गोड हसत होती. मान वर आली की पाय खाली. आणि काठावरून काकांचा आवाज, "इकडे बघ. जरा हस."

मावशीने व्हिडिओ थांबवला.

"म्हणजे मला बुडवत होतात ते तुम्ही," मावशी म्हणाली.

"तोंडाला सवय लागलीय गं."

"आणि मीही मेली दरवेळी हसतेय."

रविवारी काकांना तिच्या पाठीमागच्या टोकाला उभं केलं. शूटिंगला परवानगी, बोलायला बंदी. ते ओठ घट्ट मिटून उभे होते. मावशी त्यांच्यापासून दूर दूर जात राहिली, एकदाही वळली नाही, आणि समोरची भिंत तिच्या हाताला लागली. मास्तरांनी कार्डावर सही केली.

स्टुडिओच्या काचेत आता नटलेल्या नवरींच्या रांगेत एक मोठी फ्रेम आहे. पाण्याच्या फेसातून वर आलेल्या दोन टाचा. गिऱ्हाईक विचारतं, "हे काय हो?"

"आमची ही," काका सांगतात. "छान आलीय ना?"