सुई पोटात नव्हती, मग होती कुठे?

मैत्रिणींनो, आत्ताच हॉस्पिटलमधून आलेय, लगेच लिहितेय.

वाकोल्याच्या आमच्या भरतकामाच्या क्लासमध्ये सध्या सुया-टाचण्या खोचायची जुन्या विलायती नमुन्यांची पिनकुशनं शिवतोय. शेजारच्या शैलाने लाल मखमलीची स्ट्रॉबेरी केली. सुई ओठांत धरून ती भुसा भरत होती, वर बडबडही चालू.

मी म्हटलं, "शैले, आमच्या शाळेतल्या नन्सनी तुला बाकावर उभं केलं असतं!"

ती खदाखदा हसली. मग तिने दुसऱ्या सुईने स्ट्रॉबेरी शिवून टाकली आणि एकदम ओठ चाचपले. "अगं, ओठांतली सुई कुठाय? गिळली की काय मी?"

रिक्षाने हॉस्पिटल गाठलं, एक्स-रे काढला. पोटात काही नाही!

"उगाच घाबरवलंस," शैला मलाच म्हणाली.

"मग सुई कुठाय?"

शैलाचा चेहरा पांढराफटक पडला. तिची सून क्लासमध्ये राहिलेली पिशवी घेऊन हॉस्पिटलात आली होती, आणि बाकावर बसलेली चिमुकली नात पिशवीतली ती स्ट्रॉबेरी तोंडात घालत होती. मी झडप घालून हिसकावली. दाबताच सुई माझ्या बोटात घुसली.

"रडवलंस ना पोरीला!" शैला म्हणे.

बाई, रडू दे! माझ्या बोटाचं रक्त थांबलं. तिच्या घशात गेली असती तर?

खरं सांगा, तुमच्यापैकी कोण कोण सुई ओठांत धरतं?